काचेत धरलेलं विमान

जेवता जेवता विमानाचा आवाज आला की आमचे घरमालक उष्ट्या हातानं उठायचे. ताटात भाकरी, भाकरीवर ठेचा आणि माणूस गच्चीच्या जिन्यात. उजवा हात खरकटा म्हणून कॅमेरा डाव्या हातानं उचलायचा, पट्टा दातात धरायचा, डोळा काचेला लावायचा आणि विमान दिसेनासं होईपर्यंत त्याच्यामागे मान फिरवत राहायचं. मग सावकाश खाली येऊन ताटावर बसायचं आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणायचं, "गेलं बुवा नीट."

"न जायला काय झालं होतं त्याला?" अक्का, म्हणजे त्यांची बायको, रोज विचारायच्या. "भाकरी निवली. आता ती गरम करायलाही विमानच बोलवा."

पिंप्राळ्यातल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी काही वर्षं भाड्यानं राहिले. जळगावात एका सीएच्या ऑफिसात नोकरी आणि जेवण खाली अक्कांकडे. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागले. गावात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. तो आता पुतण्या बघायचा. नानांच्या काळात तिथे पासपोर्ट फोटोला बसलेल्या माणसाला कधी कोणी "हसा" म्हटलं नाही. नाना म्हणायचे, "श्वास सोडा." कॅमेऱ्यासमोर आलेला माणूस श्वास धरून बसतो आणि धरलेला श्वास फोटोत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मी खोली बघायला गेले तेव्हा दारात उभी असतानाच ते मला म्हणाले, "श्वास सोड बेटा. इथे फोटो काढत नाहीयेत."

मी खरंच धरून ठेवला होता.

मला अनोळखी माणसांशी बोलता येत नाही. कॅमेरा घेतला तोही त्यासाठीच. हातात कॅमेरा असला की माणसं तुम्हाला प्रश्न विचारायचं सोडून स्वतःचे केस नीट करायला लागतात. पण नानांचा कॅमेरा बघितल्यावर मलाच प्रश्न पडले. तो जुना, रोलचा कॅमेरा होता आणि त्याला एक लांबट झूम लेन्स कायमची बसवलेली होती. कॅमेरा आभाळाकडे धरला की लेन्सची नळी वजनानं आपोआप मागे घसरायची, म्हणून नानांनी सायकलच्या ट्यूबची एक गोल पट्टी कापून तिच्यावर घट्ट चढवली होती. बाहेरगावी नेताना ती लेन्स आधी जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यात, मग कापसात आणि मग भाकरीच्या डब्यात जायची. एसटीत नाना डबा उघडायला लागले की शेजारचा माणूस आशेनं सरकून बसायचा.

एकदा धीर करून मी विचारलं, "नाना, इतक्या विमानांचे फोटो ठेवलेत कुठे?"

"कसले फोटो?" त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत काही नव्हतं. "रोल घालायचं कधीच सोडलं मी."

"मग तुम्ही करता काय?"

"धरतो."

मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की समोरचा माणूस आणखी थोडं बोलतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. नाना बोलले. विमान जोवर काचेत आहे तोवर ते पडत नाही. काचेतून सुटलं की त्याचा भरवसा नाही. मोठी, प्रवासी विमानं तशी सांभाळून जातात. खरी काळजी पोरांची. पोरं म्हणजे शिकाऊ विमानं. जळगाव-धुळ्याकडच्या आभाळात ती बारीक, पांढरी विमानं दिवसभर घरघरत असतात. आत वीस-बावीस वर्षांची मुलं असतात. त्यांना धरायला नको का कोणी?

हे ते अगदी साध्या आवाजात सांगत होते, नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगावं तसं.

आमच्या घरी असल्या गोष्टींना जागा नव्हती. माझे वडील फैजपूरला शाळेत शिक्षक. आई सकाळी वंदना घेते, दर रविवारी विहारात जाते. पण दाराला लिंबू-मिरची, मांजर आडवं गेलं म्हणून थांबणं, असलं काही आमच्याकडे कधी झालं नाही. परीक्षेला जाताना मी दही मागितलं म्हणून वडिलांनी मला अख्खा रस्ता कार्य आणि कारण समजावून सांगितलं होतं. त्यामुळे नानांचं बोलणं ऐकून मी मनात हसले आणि वर निघून गेले.

पण माझी धाकटी बहीण त्याच वर्षी धुळ्याला विमान शिकायला लागली होती.

ती लहानपणापासून माझ्या उलट. वर्गात हात वर करणारी, झाडावर चढणारी. केळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हरशेजारी बसून सावद्यापर्यंत गेलेली आणि घरी कोणी विचारलंच नाही म्हणून सांगितलंही नाही, अशी. ती उडायला लागल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. ऑफिसात मी दर थोड्या वेळानं तिचं 'लास्ट सीन' बघायचे. तासभर हललं नाही की समोरच्या आकड्यांना अर्थ उरायचा नाही. रात्री अपघातांचे व्हिडिओ बघायचे. बघू नयेत हे कळून बघायचे. विमानाचा आवाज आला की आता मीही जिन्यात जायला लागले होते. नाना काही बोलायचे नाहीत. फक्त थोडे बाजूला सरकून मला कठड्याशी जागा करून द्यायचे.

एक दिवस धाकटीचा फोन आला. "ताई, माझं सोलो जवळ आलंय. पहिल्यांदा एकटीनं. सर अचानक सांगतात, त्यामुळे तारीख नाही. तू फोटो काढायला ये. आणि आईला बोलू नकोस."

म्हणून मला लेन्स हवी होती.

मी आधी इंटरनेटवर बघितलं. इंग्रजीत बोलणारी गोरी माणसं मोठमोठ्या विमानतळांच्या कुंपणाशी उभी राहून सांगत होती, जितकी लांबची घ्याल तितकी चांगली. दीडशे-सहाशे मिलिमीटरची झूम घ्या. मी एका कागदावर तीन नावं लिहून नानांकडे गेले. त्यांनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ आणला, लांब नेला आणि मला परत दिला. "तूच वाच."

मी वाचलं. सहाशे ऐकून ते म्हणाले, "वैशाखात धुळ्याच्या माळावर उभी राहिलीस कधी? जमिनीवरून वाफा निघतात. सहाशेनं विमान जवळ येत नाही बेटा, मधलं ऊन जवळ येतं. विमान पाण्यात पडल्यासारखं दिसेल तुला. बघवेल?"

मला बघवलं नसतं.

"मग झूम नसलेली, नुसती चारशेची? लोक म्हणतात फोटो फार स्वच्छ येतो."

"स्वच्छ फोटो लग्नात काढावेत." ते एकदम चिडले. "हे बघ. विमान लांब असताना त्याला काही होत नाही. जे व्हायचं ते जवळ येताना होतं, उतरताना. तेव्हा ते मोठं होत होत काचेबाहेर जातं. नुसती चारशे असली तर तू काय करशील? लेन्स बदलशील? बदलायला मान खाली घालशील?"

त्यांचा आवाज चढला होता. अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांच्याकडे बघून परत आत गेल्या.

"शंभर-चारशे घे," नाना खालच्या आवाजात म्हणाले. "लांब गेलं तर चारशेनं ओढायचं, जवळ आलं तर शंभरावर यायचं, डोळा न काढता. बस. बाकी सगळं जाहिरात."

पण वजन पेलायला हवं. त्यासाठी त्यांनी मला अक्कांच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता दिला. चुलीवर दूध ठेवायचं, डाव्या तळहातावर बत्ता तोलून डोळ्यासमोर धरायचा, आणि दूध उतू येईपर्यंत हात खाली करायचा नाही. अक्का लसूण सोलून बसलेल्या असायच्या. "झालं का तुमचं विमान? ठेचा कुटायचाय मला. की आज दुधातच लसूण टाकू?" पहिल्या दिवशी माझा हात दूध कोमट व्हायच्या आधीच खाली आला. पुढे जमायला लागलं. मी कॅमेऱ्यासाठी तिपाई घेऊ का विचारलं तर नाना म्हणाले, "तीन पायांच्या जनावराला मान वळवता येत नाही."

लेन्स पुण्याहून मागवली. ती आल्यावर नानांनी खोक्यातून काढली, नळी मागेपुढे केली, वर धरून घसरते का पाहिलं आणि सायकलच्या ट्यूबची एक नवी पट्टी कापून तिच्यावर चढवली. नव्याकोऱ्या लेन्सवर ती काळी पट्टी मला फार कुरूप वाटली. मी काढली नाही.

मग घारी. पिंप्राळ्यावर दिवसभर घारी फिरतात. नाना म्हणाले, "आधी घार धरायला शीक. घार धरता आली की विमान सोपं. घार वळणार कुठे ते तिचं तिला माहीत नसतं." रोज ऑफिसला जायच्या आधी आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी मी गच्चीवर उभी राहून घारी धरायचे. पंख न हलवता ती तिरपी होते, तशी मीही कमरेतून तिरपी व्हायचे. नाना मागे उभे राहून नुसते विचारायचे, "आहे?" मी म्हणायचे, "आहे." "आहे?" "आहे." गल्लीतल्या बायका खालून बघून हसायच्या. मला लाज वाटायची, पण घार सोडायचे नाही.

या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. नाना एरवी माझ्याशी शहरी, साधी मराठी बोलायचे. पण एखादं शिकाऊ विमान खालून गेलं, किंवा त्याच्या इंजिनाचा सूर जरा बदलला, की ते अहिराणीत बोलायला लागायचे. "कोठे शे? शे ना?" मला अहिराणी येत नाही. आमच्या फैजपूरकडची बोली वेगळी, आणि घरात तीही फारशी नव्हती. पण नानांची अहिराणी मला नीट कळायची, कारण ती फक्त भीतीतच बाहेर यायची.

ती भीती कुठून आली ते मला अक्कांनी सांगितलं, भरिताची वांगी भाजताना. नाना तेव्हा झोपले होते.

पुष्कळ वर्षांपूर्वी नाना एका लग्नाचं काम संपवून धुळ्याकडून परत येत होते. रस्त्याच्या कडेला थांबून एका शिकाऊ विमानाचे फोटो काढत होते. विमान उतरायला लागलं, जवळ आलं, लांबच्या लेन्समध्ये मावेना. त्यांनी लेन्स बदलायला मान खाली घातली. तेवढ्यात इंजिनाचा आवाज थांबला. मान वर केली तर विमान नव्हतं.

"घरी आले तेव्हा एकच बोलत होते," अक्का म्हणाल्या. "बठ्ठं आभाय रिकामं शे. बठ्ठं आभाय रिकामं शे."

"सगळं आभाळ रिकामं? आणि विमान?"

"कपाशीच्या शेतात. नाक मातीत. पोरगा आपल्या पायानं बाहेर आला आणि म्हणे, पाणी द्या. एक दात गेला त्याचा." अक्कांनी वांगं उलटं केलं. "त्याचा दात गेला आणि यांची झोप गेली. मी म्हटलं, अहो, तुमच्या मानेवर उडत होतं का ते? तर बोलतच नाहीत."

मग त्यांनी मला दुसरी गोष्ट सांगितली, जी नानांनी मला सांगितली नसती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजवा पूर्ण पिकला होता. डॉक्टर म्हणाले होते, आणखी थांबाल तर डोळा जाईल. नाना तयार नव्हते. डोळ्याला पट्टी बांधली तर तेवढे दिवस पोरांना धरणार कोण?

"तू सांग ना त्यांना," अक्का म्हणाल्या. "तुझं ऐकतात. तू धरतेस म्हणून."

मी काय सांगणार होते? हा सगळा भ्रम आहे, हे मला वडिलांच्या आवाजात बोलता आलं असतं. पण माझ्या बहिणीच्या सोलोच्या आधी मी ते बोलले नाही. कोणी काही म्हणो, ती वर असताना मला एक जोडी डोळे जास्त हवे होते.

धाकटीचा फोन सकाळी आला. "आज बहुतेक."

नाना तयारच होते. डबा, कापूस, टोपी. एरंडोल, पारोळा करत एसटी धुळ्याकडे निघाली तेव्हा ऊन तापायला लागलं होतं. ते खिडकीशी बसून बाहेरचं आभाळ बघत होते. मी लेन्स मांडीवर धरून बसले होते. माझे हात इतके गार पडले होते की कंडक्टरनं तिकीट देताना एकदा माझ्याकडे बघितलं.

धावपट्टी गावाबाहेर आहे. कुंपणाबाहेर एका शेताचा बांध आहे, बांधावर एक कडुनिंब. शेतमालकाला नाना ओळखत होते. आम्ही निंबाखाली उभे राहिलो. समोरच्या काळ्या पट्टीवर ऊन थरथरत होतं. एक पांढरं विमान येऊन उतरलं, पार टोकापर्यंत गेलं, वळलं आणि थांबलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि चारशेपर्यंत नेला.

उजव्या बाजूचं दार उघडलं. एक माणूस उतरला. त्यानं दार लावलं, वाकून आत काहीतरी सांगितलं आणि तो पाठ करून चालायला लागला.

आत उजवी खुर्ची रिकामी होती. डावीकडे धाकटीचं डोकं होतं, कानांवर ते मोठे हेडफोन. इतक्या लांबून, थरथरणाऱ्या हवेतून मला तिची मान दिसली. मला हाक मारावीशी वाटली. मी फोटो काढला.

विमान पळालं, उचललं गेलं आणि आमच्या डोक्यावरून पुढे गेलं.

नानांनी त्यांचा कॅमेरा डोळ्याला लावला होता. तो त्यांनी सावकाश खाली घेतला. "माले काहीच दिसत नही," ते म्हणाले. "नुसतं पांढरं. तू धर बेटा. सोडू नको." आणि माझ्या डाव्या कोपराखाली त्यांनी आपला हात लावला.

धाकटी डावीकडे वळली आणि लांब गेली. ती आता पांढऱ्या उन्हात एक ठिपका होती. मी चारशेवर होते आणि तेही पुरत नव्हतं.

"शे ना?"

"आहे."

ठिपका निंबाच्या फांदीमागे गेला. मी तशीच फिरत राहिले, फांदीपलीकडे तो पुन्हा मिळाला, आणि लेन्सनं त्याला लगेच पकडलं. मी बटण दाबत राहिले. तो हळूहळू मोठा होत होता. तिरपा झाला. मी तिरपी झाले. किती सुंदर वळतेय, असं मला वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी न घाबरता तिला नुसती बघत होते. ती आणखी वळली, आणखी वळली. इतकं वळायचं असतं का, असा विचार मनात आला, आणि तेवढ्यात तिनं पंख हलवले.

घार होती.

मी कॅमेरा डोळ्यावरून काढला. आभाळात डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे काही नव्हतं. ऊन डोळ्यांत घुसलं. मी कॅमेरा परत लावला, शंभरावर आले आणि आभाळ झाडून काढलं. निळं. नुसतं निळं.

"शे ना?" नानांनी विचारलं. त्यांची बोटं माझ्या कोपरात रुतली होती.

मी कुठल्या भाषेत बोलले ते मला नंतर कळलं.

"शे," मी म्हणाले.

आणि मग इंजिनाचा आवाज कमी कमी होत थांबल्यासारखा झाला. उतरताना तो तसा होतोच. धाकटीनं मला हे दहादा सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला फक्त अक्कांचं वाक्य आठवत होतं, आणि नानांना काय आठवत होतं ते त्यांच्या हातावरून कळत होतं. आम्ही दोघं त्या निंबाखाली उभे होतो. एकाला दिसत नव्हतं आणि दुसरीला सापडत नव्हतं. मी श्वास धरून ठेवला होता.

चाकांची चर्रकन किंकाळी आली. झाडाच्या दुसऱ्या अंगाला, मी बघतच नव्हते तिकडे, पांढरं विमान एकदा उडी मारून टेकलं, पुन्हा टेकलं आणि पळत पुढे गेलं.

"गेलं बुवा नीट," नाना म्हणाले आणि बांधावर मटकन बसले.

लांबून दिसलं, विमानातून उतरल्यावर धाकटीच्या अंगावर तिच्या सोबतच्या मुलांनी बादल्यांनी पाणी ओतलं. पहिल्या सोलोनंतर तशी रीत आहे म्हणे. मी त्याचे फोटो काढू शकले नाही. हात वरच येत नव्हता.

संध्याकाळी ती धुळ्याच्या स्टँडजवळ आम्हाला भेटायला आली. केस अजून ओले. तिनं नानांच्या पाया पडायला वाकल्यासारखं केलं, त्यांनी अर्ध्यातच उचललं. आम्ही भजी मागवली. नाना प्लेटीकडे बघत नव्हते. तिच्या चेहऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होते, ती खरंच बसली आहे का ते तपासत असल्यासारखे.

"दाखव ना फोटो," म्हणून तिनं कॅमेरा माझ्या हातातून घेतलाच. रिकाम्या खुर्चीचा फोटो बघून गप्प झाली. उड्डाणाचा बघून हसली. मग पुढे बघत गेली, आणि एकदम मोठ्यानं हसायला लागली.

"ताई! ही मी नाहीये गं. ही घार आहे. ही पण घार. अगं, तू अख्खा वेळ घारीचे फोटो काढलेस!"

मी टेबलाकडे बघत राहिले. नानांनी हात पुढे केला. कॅमेरा डाव्या डोळ्याच्या अगदी जवळ नेला. एकेक फोटो बघितला. पंख उघडलेली घार, तिरपी घार, मान वळवलेली घार. फोटो फार स्वच्छ आले होते.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"फांदीमागे गेली तेव्हापासून."

"मग तू शे म्हणालीस ते?"

मी टेबलावरचा भज्याचा चुरा बोटानं गोळा करायला लागले.

"म्हणजे कोणीच धरलं नव्हतं."

"नाही."

"काय धरायचं होतं?" धाकटी भजं चावत म्हणाली. तिला काहीच माहीत नव्हतं. "मला तर तुम्ही कुठे उभे आहात हेही आठवलं नाही वर. इतकं काम असतं ना आत. वेग बघ, उंची बघ, रेडिओवर बोल. खरं सांगू? मी कोणालाच धरून नव्हते. एकटीच होते. भारी वाटलं."

मला वाटलं नाना चिडतील, किंवा अहिराणीत काहीतरी बोलतील. त्यांनी कॅमेरा माझ्यासमोर ठेवला आणि प्लेट आपल्याकडे ओढली. एक भजं खाल्लं, दुसरं खाल्लं. मग साध्या, शहरी मराठीत विचारलं, "मिरची नाही का यांच्याकडे?"

परतीच्या एसटीत ते पारोळ्याच्या आधीच झोपले. डोकं खिडकीच्या दांडीवर आपटत होतं तरी जागे झाले नाहीत. जळगावला उतरताना म्हणाले, "उद्या त्या डॉक्टरला फोन लाव. नंबर अक्काकडे असेल."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. हिरवी पट्टी, वर काळा चष्मा. घरी आणल्यावर पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. अक्कांनी त्यांच्या ताटात भाकरी कुस्करून दिली होती.

विमानाचा आवाज आला. शिकाऊ होतं, खालून चाललं होतं, आणि सूर जरा खरखरत होता. अक्कांचा वाढता हात थांबला. त्यांनी नानांकडे बघितलं. नानांनी मान तिरपी करून क्षणभर ऐकलं, आणि घास तोंडात घातला. चावत राहिले. ज्या माणसाला मी इतके दिवस बघत होते त्याचे खांदे इतके सैल मी कधी पाहिले नव्हते.

"दूध वाढ थोडं," ते अक्कांना म्हणाले.

अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या.

"पोरी, बस खाली," त्या म्हणाल्या. "भाकरी निवते."

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होते. उजवा हात खरकटा होता. कॅमेरा डाव्या हातात होता आणि पट्टा माझ्या दातात होता.